कै. रघुनाथ धोंडो कर्वे

आपल्या स्मरणिकेत दरवर्षी देशभक्त, दानशूर व संतपुरुष यांची चरित्रे येतात. यंदा ज्यांचे चरित्र लिहावयाचे योजिले आहे ते गृहस्थ आपल्या ज्ञातीचे नव्हते, सातारा-सांगलीकडचेही नव्हते. शिवाय त्यांचा विषय निघाला की आपल्या घरांतून आजही वडीलधारी मंडळी उठून जातात आणि लेकीसुना खाली पाहतात. तथापि त्या विषयाशी ज्याचा संबंध नाही असा संसार कोठे आहे? म्हणून संकोच बाजूस सारून लिहीत आहे.

रघुनाथराव हे महर्षी धोंडो केशव कर्वे यांचे ज्येष्ठ चिरंजीव. त्यांचा जन्म १४ जानेवारी १८८२ रोजी कोकणात मुरूड येथे झाला. ते नऊ वर्षांचे असताना, १८९१ साली, त्यांच्या मातोश्री राधाबाई बाळंतपणात निवर्तल्या. त्या काळी घरोघरी असे घडे आणि लोक त्यास दैव म्हणून गप्प बसत. वडिलांनी १८९३ साली एका विधवेशी पुनर्विवाह केला व त्यापायी गावाचा बहिष्कार सोसला. तेव्हा लोकरोष म्हणजे काय, याचा परिचय रघुनाथरावांना बालपणीच झाला. मॅट्रिकच्या परीक्षेत ते १८९९ साली पहिले आले. पुढे फर्ग्युसन कॉलेजातून १९०४ साली बी. ए. झाले. गणित हा त्यांचा विषय. त्याच्याच उच्च अध्ययनासाठी ते पॅरिसला जाऊन आले आणि मुंबईच्या विल्सन कॉलेजात प्राध्यापक झाले. पगार, प्रतिष्ठा, सर्व काही होते.

१९२१ साली, म्हणजे मेरी स्टोप्स बाईंनी लंडनमध्ये आपले केंद्र उघडले त्याच वर्षी, रघुनाथरावांनी मुंबईत संततिनियमनाचे केंद्र सुरू केले. हिंदुस्थानातील हे अशा प्रकारचे पहिले केंद्र होय. १९२३ साली त्यांनी या विषयावर मराठीत पुस्तक लिहिले. कॉलेज मिशनऱ्यांचे, चालकांना हा प्रचार रुचेना. अखेर १९२५ साली रघुनाथरावांनी नोकरी सोडली, प्रचार सोडला नाही. पुढील सारे आयुष्य ओढाताणीत गेले. पत्नी मालतीबाई यांनी ती ओढाताण त्यांच्याबरोबर सोसली. या दांपत्याने स्वतःस मूल होऊ दिले नाही.

संततिनियमन म्हटले की आपल्यासमोर सरकारी फलक आणि लोकसंख्येचे आकडे उभे राहतात. रघुनाथरावांचा ओढा त्याहून निराळ्या गोष्टीकडे होता. मूल हवे की नको, आणि हवे तर केव्हा, याचा निर्णय ज्या स्त्रीच्या देहावर त्याचा भार पडतो तिच्या हाती असावा, असे ते मानीत. महात्माजींना या कामी केवळ संयम मान्य होता. रघुनाथरावांना तो उपदेश अव्यवहार्य वाटे. शास्त्रीय साधने व त्यांचे ज्ञान, हाच त्यांचा मार्ग.

आता आपल्याकडे पाहा. बहुतेक जोडप्यांना दोन अपत्ये झाल्यावर सल्ल्याची आठवण होते, आणि तीही शस्त्रक्रियेपुरती. तीसुद्धा बहुधा सुनेवरच, वास्तविक पुरुषाची शस्त्रक्रिया त्याहून सोपी असते. पहिले मूल लांबवावे, हा विचारच नाही. लग्नास वर्ष होते न होते तोच विहीणबाई विचारू लागतात. सातारा जिल्हा परिषदेने २००७ साली नवदांपत्यांसाठी योजना काढली होती: पहिले अपत्य दोन वर्षे लांबविल्यास ५,००० रुपये आणि तीन वर्षे लांबविल्यास ७,५०० रुपये. वृत्तपत्रांनी तिची थट्टाही केली, पण योजनेचे मर्म रघुनाथरावांस मान्य झाले असते असे मला वाटते. दोन बाळंतपणांमधील अंतराचीही तीच कथा. मूल अंगावर पीत आहे तोवर दिवस जात नाहीत, या समजुतीवर कित्येक सुना फसतात. मूल सहा महिन्यांच्या आतील असेल, केवळ आईच्या दुधावरच असेल आणि आईची पाळी सुरू झाली नसेल, तरच त्यावर काहीशी भिस्त ठेवता येते, एरवी नाही. प्रसूतीनंतर निदान दोन वर्षे तरी पुन्हा गर्भ राहू नये, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. निरोध, गोळ्या, तांबी, तीन महिन्यांनी घ्यावयाचे अंतरा इंजेक्शन, ही साधने सरकारी आरोग्य केंद्रांतून मोफत मिळतात. कोणते कोणास मानवेल हे प्रकृती पाहून डॉक्टरांनी सांगावयाचे. शेजारणीचे ऐकून गोळी घेऊ नये.

हे ज्ञान नसले की काय होते, हे आपल्या दोन्ही जिल्ह्यांनी पाहिले आहे. मुलगा होईतो बाळंतपणे होत राहिली, मधल्या मुलींची नावे ‘नकोशी’ पडली. २०११ साली सातारा जिल्ह्यात अशा पावणेतीनशेंहून अधिक मुलींचे पुन्हा नामकरण करावे लागले. २०१७ च्या मार्चमध्ये मिरज तालुक्यात म्हैसाळ येथे बेकायदा गर्भपातात एक विवाहिता दगावली, आणि तपासात पुरलेले १९ भ्रूण निघाले. केवळ अज्ञानाचे हे फळ नव्हे, मुलाच्या हव्यासाचेही आहे, हे मला कबूल आहे.

रघुनाथरावांनी जुलै १९२७ मध्ये ‘समाजस्वास्थ्य’ मासिक काढले. वाचक गुप्तपणे शंका विचारीत, हे उघडपणे उत्तरे देत. त्यातून अश्लीलतेचे खटले झाले. १९३१ साली दंड झाला. १९३४ च्या खटल्यात त्यांचे वकीलपत्र डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी घेतले, तरीही दंडच झाला. बाबासाहेबांचे बालपण आपल्या साताऱ्यात गेले; आई भीमाबाईही तेथेच निवर्तल्या; आणि ते आईवडिलांचे चौदावे अपत्य होते. १९३८ च्या नोव्हेंबरात त्यांच्या पक्षातर्फे मुंबई विधानसभेत संततिनियमनाचा ठराव आला, तेव्हा बाजूने ११ व विरुद्ध ५२ मते पडली.

१९५२ साली भारत सरकारने कुटुंबनियोजनाचा कार्यक्रम हाती घेतला. रघुनाथरावांस त्याबद्दल कोणी मानपत्र दिले नाही. १४ ऑक्टोबर १९५३ रोजी ते वारले. मासिक ते अखेरपर्यंत चालवीत होते. पुढच्या महिन्यात त्याचा शेवटचा अंक निघाला.