हिशेबाला चोख कुमारप्पा

आपल्या बेटावर सायक्लोन येऊन गेला की मदतीसाठी पैसे जमवतात. आपण यथाशक्ति देतो. पण पुढे हिशेब विचारायला संकोचतो. समितीत आपलेच काका-मामा असतात, त्यांना कसे विचारायचे? असा संकोच ज्यांनी कधी केला नाही, त्या गृहस्थांची ओळख आज आम्ही करून देतो.

जोसेफ कॉर्नेलियस कुमारप्पा यांचा जन्म ४ जानेवारी १८९२ रोजी तंजावर येथे झाला. लंडनमध्ये ते हिशेब-तपासणी शिकले, अमेरिकेत अर्थशास्त्र शिकले आणि १९२९ मध्ये गांधीजींना भेटून त्यांचेच झाले.

१५ जानेवारी १९३४ रोजी बिहारमध्ये भयंकर भूकंप झाला. राजेंद्रप्रसादांच्या मदत समितीचा पैसा सांभाळण्याचे काम कुमारप्पांकडे आले. स्वयंसेवकाच्या जेवणाला त्यांनी रोजचे तीन आणे ठरवून दिले. पुढे गांधीजी आपल्या मंडळींसह तेथे आले. त्यांच्या दूध-फळांचा खर्च तीन आण्यांत बसेना. जास्तीचा पैसा मदतनिधीतून देण्यास कुमारप्पांनी साफ नकार दिला. हा पैसा भूकंपात सर्वस्व गमावलेल्यांचा आहे, हे गांधीजींना पटले. त्यांच्यातील स्नेह पुढेही टिकला.

३० जानेवारी १९६० रोजी, गांधीजींच्या पुण्यतिथीलाच, कुमारप्पा वारले.

वाचकहो, हिशेब मागणे म्हणजे संशय घेणे नव्हे. जो नियम गांधीजींनी मानला, तो आपल्या काका-मामांनीही मानावा. यापुढे पैसे देताना पावती मागू या, आणि समितीत बसलो तर न मागता हिशेब देऊ या.