नृसिंहसरस्वती : यतिधर्म आणि लोकसंग्रह

वाशीम जिल्ह्यातील कारंजा (लाड) ही नृसिंहसरस्वतींची जन्मभूमी. त्यांचा काळ सामान्यतः इ. स. १३७८ ते १४५८ असा मानला जातो. त्यांच्या जीवनाचा प्रमुख आधार म्हणजे सरस्वती गंगाधरांचा ‘गुरुचरित्र’ हा ओवीबद्ध ग्रंथ. तो भक्तिचरित्र असल्याने त्यातील चमत्कार वगळले, तरी यतिजीवनाची एक सुसंगत आकृती हाती येते.

माधव व अंबा या दांपत्याचा हा पुत्र. त्याचे बालपणीचे नाव नरहरी. मुंजीपर्यंत मूक राहिलेल्या या मुलाने मुंजीनंतर गृहत्यागाची इच्छा प्रकट केली. परंतु धाकट्या भावंडांचा जन्म होईपर्यंत तो आईसाठी थांबला. पुढे काशीत वृद्ध यती कृष्णसरस्वतींकडून त्याने संन्यास घेतला. कलियुगात संन्यास वर्ज्य, असे मत त्या काळी प्रचलित होते. त्यामुळे ही दीक्षा व्यक्तिगत वैराग्यापुरती न राहता लुप्तप्राय आश्रमाची पुनःस्थापना ठरली.

दीर्घ तीर्थाटनानंतर ते मातेला दिलेल्या वचनानुसार कारंज्यास येऊन गेले. परळी वैजनाथ येथे शिष्यांना तीर्थयात्रेस पाठवून त्यांनी गुप्तवास पत्करला. पुढे औदुंबर येथे चातुर्मास, नरसोबाच्या वाडीस सुमारे १२ वर्षे आणि भीमा-अमरजा संगमावरील गाणगापुरी सुमारे दोन तपे असा त्यांचा वास झाला. अनिकेत यती अशा प्रकारे मठस्थ झाला. स्वतः गृहस्थाश्रम न स्वीकारलेल्या या संन्याशाने गृहस्थांना आचारधर्म, व्रते व अतिथिधर्म यांची घडी घालून दिली. भिक्षेच्या निमित्ताने यती व गृहस्थ परस्परावलंबी झाले.

या लोकसंग्रहाला मर्यादाही होती. विद्यामदाने जयपत्रे मागत फिरणाऱ्या पंडितांसमोर त्यांनी एका अंत्यजाच्या मुखातून वेद वदविले, अशी कथा चरित्रात आहे. परंतु शेवटी तो अंत्यज पूर्वस्थितीतच परततो. पांडित्याचा गर्व उतरतो, वर्णव्यवस्था मात्र अबाधित राहते. चरित्रकाराची दृष्टी येथे स्पष्ट होते.

बीदरच्या यवन राजाच्या भेटीनंतर कीर्ती वाढली, तेव्हा त्यांनी गाणगापूर सोडण्याचा निश्चय केला. मठात पादुका राहिल्या आणि यती श्रीशैलाकडे, कर्दळीवनात निघून गेले. संन्याशाने संस्था उभारावी, पण तिच्यात गुंतू नये, हा यतिधर्मातील पेच त्यांनी प्रस्थानानेच सोडविला. दत्तसंप्रदायात पुढे गुरूच्या देहाऐवजी पादुकांना जे केंद्रस्थान लाभले, त्याची संगती या निर्णयातून लागते.