डॉक्टर एडवर्ड जेन्नर यांचे चरित्र

चांदवडच्या बाजारात वृद्धांच्या दंडावर देवी काढल्याचे वण आजही दृष्टीस पडतात. ज्यांच्या श्रमाने हे रक्षण लाभले त्यांचे वृत्त ऐका.

एडवर्ड जेन्नर हे इंग्लंडातील बर्कले गावच्या पाळकाचे पुत्र. त्यांचा जन्म १७४९ साली झाला. गाईच्या आचळावरील फोड ज्यांच्या हातांस होतात त्यांस देवी येत नाहीत, असे तेथील खेडूत म्हणत. जेन्नर वैद्य झाल्यावर त्यांनी याचा शोध केला. १४ मे १७९६ रोजी एका गवळणीच्या हातावरील लस त्यांनी जेम्स फिप्स या आठ वर्षांच्या मुलास टोचली. पुढे खऱ्या देवीची लस टोचूनही त्यास बाधा झाली नाही.

रोग ही देवाने पाठविलेली परीक्षा आहे, ती टाळणे पाप होय, असे म्हणून कित्येक ख्रिस्ती लोकांनी विरोध केला. परंतु लंडनचे उपदेशक रोलंड हिल यांनी स्वहस्ते हजारोंस देवी काढल्या. जेन्नरही आपल्या बागेतील झोपडीत गरिबांस फुकट टोचीत.

१४ जून १८०२ रोजी मुंबईस ॲना डस्टहॉल या तीन वर्षांच्या मुलीस लस लागू झाली, व तेथून ती हिंदुस्थानात पसरली. जेन्नर १८२३ साली निवर्तले. १९८० साली देवीचा रोग जगातून नाहीसा झाल्याचे जाहीर झाले.

हिज्कीया राजाने रडून प्रार्थना केली, तरी यशयाने त्याच्या गळवावर अंजिरांची ढेप बांधविली. प्रार्थना व औषध ही एकाच पित्याची दाने होत. यास्तव गोवराची लस गावात येईल तेव्हा विश्वासाच्या नावाने लेकरे लपवू नका. उपदेशकांनी प्रथम आपलेच लेकरू पुढे करावे.