विश्लेषण : गाडगेबाबांचे कीर्तन थेट डोक्यात कसे शिरायचे?

अमरावती-परतवाडा रस्त्यावर वलगावला पेढी नदीचा पूल लागतो. २० डिसेंबर १९५६ रोजी आजारी गाडगेबाबांना मोटारीतून अमरावतीला नेले जात होते. याच पुलाजवळ त्यांनी प्राण सोडला.

भावना आल्या की बुद्धी जाते, असे आपण सहज म्हणतो. बाबांचे आयुष्य काही वेगळेच सांगते.

२३ फेब्रुवारी १८७६ रोजी शेंडगावात डेबूजी झिंगराजी जानोरकर जन्मले. दारूने वडील गेले. पोर मामाकडे, दापुरे येथे वाढले. दारूविरुद्धचा त्यांचा युक्तिवाद पुस्तकातून आलेला नव्हता. मुलीच्या बारशाला बकरे आणि दारूची रीत मोडून त्यांनी गोडाचे जेवण घातले. भाऊबंद नाराज झालेच.

कीर्तनात नेमके काय घडायचे?

१ फेब्रुवारी १९०५ रोजी घर सोडल्यावर दिवसा हाती खराटा, रात्री कीर्तन. बाबा उपदेश कमी आणि प्रश्न जास्त करीत. सत्यनारायणाने बुडालेली नाव वर येते, तर महायुद्धात बुडालेली जहाजे पूजा घालून का काढत नाहीत? लोक आधी खो खो हसत, मग चपापत. ताट विकून हातावर भाकरी खा, पण पोराला शाळेत घाला, हे सांगेपर्यंत ऐकणाऱ्याची लाज जागी झालेली असे.

मेंदूविज्ञानाला हे पुष्कळ उशिरा उमगले. कपाळामागच्या भागाला इजा झालेले काही रुग्ण आंतोनिओ दमासिओ यांनी तपासले. त्यांची बुद्धी, स्मरणशक्ती शाबूत होती, भावना मात्र बोथट झाल्या होत्या. साधे निर्णयही त्यांना धड घेता येईनात. १९९४च्या पुस्तकात दमासिओंनी मांडले, की काय महत्त्वाचे हे भावनाच तर्काला दाखवतात.

मग स्वतःच्या दुःखाचे काय?

१९२३ मध्ये कोकणात खारेपाटणला कीर्तन सुरू असताना एकुलता मुलगा गोविंद गेल्याची बातमी आली. बाबांनी कीर्तन थांबवले नाही. काळीज दगडाचे म्हणावे, तर पुढची गोष्ट जुळत नाही. पंढरपूरची चोखामेळा धर्मशाळा त्यांनी १९४९ मध्ये डॉ. आंबेडकरांच्या शिक्षणसंस्थेला दिली होती. ६ डिसेंबर १९५६ला बाबासाहेब गेले. त्या धक्क्याने बाबा खचले, औषधालाही नको म्हणू लागले, असे चरित्रकार सांगतात. चौदाव्या दिवशी मोटार वलगावच्या पुलावर पोहोचली.