वाल्डेमार हाफकिन

मुंबईतील परळच्या हाफकिन संस्थेचे नाव आमच्या विंचूरच्या पुष्कळ पालकांनी ऐकलेले असेल; परंतु ते नाव ज्या थोर पुरुषाचे, त्याचे चरित्र थोड्यांसच ठाऊक असते. ते येथे संक्षेपाने देण्याचे आम्ही योजिले आहे.

वाल्डेमार हाफकिन यांचा जन्म इ. स. १८६० साली काळ्या समुद्राकाठच्या ओडेसा शहरी एका यहुदी कुटुंबात झाला. धर्म बदलल्यास विद्यापीठात चांगली जागा मिळण्यासारखी होती. ती त्यांनी नाकारली. पुढे स्वदेश सोडून १८८९ साली त्यांनी पॅरिसच्या पाश्चर संस्थेत पुस्तकालयाची साधी चाकरी पत्करली.

तेथेच त्यांनी पटकीच्या जंतूंचा अभ्यास आरंभिला. हे जंतू दूषित पाण्याच्या व अन्नाच्या वाटेने पोटात शिरतात. हवा खेळवून ३९ अंश उष्णतेत वाढविल्यास त्यांची तीव्रता उणावते व गिनीपिगांच्या शरीरातून वारंवार नेल्यास ती वाढते, हे जाणून त्यांनी प्रथम सौम्य व काही दिवसांनी तीव्र जंतू टोचण्याची पद्धत सिद्ध केली. १८ जुलै १८९२ रोजी ती लस त्यांनी आधी स्वतःस टोचून घेतली. १८९३ साली ते हिंदुस्थानात आले आणि सुमारे अडीच वर्षांत चाळीस हजारांवर लोकांस लस मिळाली.

१८९६ साली मुंबईत प्लेग उद्भवताच ते तिकडे धावले. ग्रँट मेडिकल कॉलेजात त्यांनी मांसरसावर तुपाचे थेंब तरंगत ठेविले. जंतू त्या थेंबांस चिकटून वडाच्या पारंब्यांप्रमाणे खाली वाढत. मग त्यांस उष्णतेने मारून लस तयार होई. १० जानेवारी १८९७ रोजी तीही त्यांनी प्रथम आपल्याच अंगी टोचविली. १८९९ साली परळच्या जुन्या राजभवनात त्यांची प्रयोगशाळा थाटली गेली.

परंतु १९०२ साली पंजाबातील मुल्कोवाल गावी एकाच बाटलीतील लस टोचलेली १९ माणसे धनुर्वाताने दगावली, आणि दोष हाफकिन यांच्या माथी आला. त्यांस कामावरून दूर व्हावे लागले. बाटली उघडण्याचा चिमटा गावातच जमिनीवर पडला होता व तो नीट निर्जंतुक झाला नव्हता, ही गोष्ट मागाहून पुढे आली. रोनाल्ड रॉस प्रभृति शास्त्रज्ञांनी त्यांचा कैवार घेतला व १९०७ साली ते निर्दोष ठरले. पुढे ते पुनः कलकत्त्यास कामावर रुजू झाले. १९२५ साली परळच्या संस्थेस त्यांचे नाव देण्यात आले; २६ ऑक्टोबर १९३० रोजी लोझान येथे त्यांचा अंत झाला.

एका अस्वच्छ चिमट्याने १९ जीव घेतले, हे बालवाचकांनी ध्यानी धरावे. पुष्कळ जंतू एकमेकांस चिकटून बुळबुळीत पापुद्रा धरतात आणि त्याच्या आड औषधांसही दाद देत नाहीत, असे आज शास्त्र सांगते. आपल्या माठाच्या आत हाताला लागणारा निसरडा थर त्याच जातीचा होय. नुसते नवे पाणी ओतल्याने तो जात नाही. माठ घासून, धुऊन उन्हात वाळवावा लागतो. हाफकिन यांनी परक्या लोकांसाठी आपला देह पणास लाविला. आपण आपल्या घरच्यांसाठी एवढे खचित करावे.