विश्लेषण : मेंदूला वीज लावून मन सापडते का? डॉ. वाइल्डर पेनफिल्ड यांचा शोध कुठे थांबला?

नैराश्य म्हणजे सेरोटोनिनची कमतरता, मोबाइलचे वेड म्हणजे डोपामिन, प्रेम म्हणजे ऑक्सिटोसिन… असे संदेश व्हॉट्सॲपवर रोज फिरतात. माणसाच्या वागण्याचे कारण मेंदूतल्या पेशीत किंवा रसायनात दाखवले की आणखी काही समजून घ्यायचे उरत नाही, या भूमिकेला ‘रिडक्शनिझम’ म्हणतात. ही भूमिका कुठवर टिकते हे जाग्या माणसाच्या उघड्या मेंदूवरच पाहण्याची संधी एका शल्यविशारदाला मिळाली. त्यांचे नाव डॉ. वाइल्डर पेनफिल्ड.

कोण होते पेनफिल्ड?

त्यांचा जन्म २६ जानेवारी १८९१ रोजी अमेरिकेतील स्पोकेन येथे झाला. वडील डॉक्टर होते, पण त्यांचा जम बसला नाही. आई मुलांना घेऊन विस्कॉन्सिनमधील हडसन या गावी परतली. मुलाने ऑक्सफर्डची ऱ्होड्स शिष्यवृत्ती मिळवावी, हे तिचे स्वप्न. प्रिन्स्टनमध्ये शिकून आणि फुटबॉल संघाला प्रशिक्षण देऊन त्यांनी ती मिळवलीही.

ऑक्सफर्डमध्ये त्यांना गुरू भेटले ते चार्ल्स शेरिंग्टन. मज्जासंस्थेतील प्रतिक्षिप्त क्रियांचा उलगडा करणारे, पुढे १९३२ मध्ये नोबेल मिळालेले शास्त्रज्ञ. मज्जातंतू कसे काम करतात हे शोधत गेले तर एक दिवस माणूस विचार कसा करतो हेही कळेल, ही आशा पेनफिल्ड यांच्या मनात तिथे रुजली. १९१६ मध्ये इंग्लिश खाडीत त्यांचे जहाज टॉर्पेडोच्या हल्ल्यात सापडले आणि पाय जबर जखमी झाला, पण ते वाचले. १९१८ मध्ये जॉन्स हॉपकिन्समधून ते डॉक्टर झाले. पुढे माद्रिदला जाऊन मेंदूच्या पेशी रंगवून सूक्ष्मदर्शकाखाली पाहण्याचे तंत्र शिकले. जर्मनीत ब्रेस्लाऊ येथे ओटफ्रिड फोर्स्टर यांच्याकडे त्यांनी अपस्मारावरील शस्त्रक्रिया शिकून घेतली. १९२८ मध्ये ते कॅनडातील मॉन्ट्रियलला गेले आणि कायमचे तिथलेच झाले.

रुग्णाला जागे का ठेवत?

अपस्मार म्हणजे फिट येण्याचा आजार. मेंदूच्या ज्या छोट्या भागातून फिट सुरू होते तो काढला, तर काही रुग्ण बरे होतात. पण तो भाग नेमका कुठे आहे? आणि तो काढताना बोलणे किंवा हातपाय तर जाणार नाहीत ना? मेंदूला स्वतःला वेदना होत नाही. त्यामुळे फक्त डोक्याची त्वचा बधिर करून कवटी उघडता येते आणि रुग्ण डॉक्टरांशी गप्पा मारत राहतो. पेनफिल्ड सौम्य विद्युतप्रवाहाची टोकदार काडी मेंदूच्या पृष्ठभागावर टेकवत. रुग्ण काय जाणवले ते सांगे आणि त्या जागी आकडा लिहिलेला कागदाचा बारीक चिटोरा ठेवला जाई. अशा शेकडो शस्त्रक्रियांमधून हात, ओठ, जीभ, पाऊल यांचा मेंदूतील नकाशा तयार झाला. प्रचंड हात आणि ओठ असलेला तो विचित्र बुटका माणूस आजही वैद्यकीय पुस्तकांत भेटतो. १९३४ मध्ये रॉकफेलर फाउंडेशनच्या १२ लाख डॉलरहून अधिक देणगीतून मॉन्ट्रियल न्यूरॉलॉजिकल इन्स्टिट्यूट उभी राहिली. वेल्लोरला १९४९ मध्ये मेंदूशस्त्रक्रियेचा विभाग सुरू करणारे डॉ. जेकब चांडी याच संस्थेत शिकले होते.

इथवरची कहाणी रिडक्शनिझमच्या बाजूनेच जाते. अमुक ठिकाणी वीज लावली की अंगठा हलतो. इतके स्वच्छ कार्यकारण मानसशास्त्रात क्वचितच दिसते.

बहिणीच्या स्वयंपाकघरात काय दिसले?

मॉन्ट्रियलला आल्यावर काही महिन्यांतच त्यांच्यासमोर एक रुग्ण आली. त्यांची सख्खी बहीण, रुथ. मेंदूच्या पुढच्या भागात उजवीकडे मोठी गाठ होती. डिसेंबर १९२८ मध्ये भावानेच शस्त्रक्रिया केली आणि तो भाग बराचसा काढून टाकला. मुळापर्यंत गेलेली गाठ पूर्ण निघाली नाही. रुथ घरी परतली. बोलणे नीट, स्मरण नीट, स्वभावही तसाच प्रेमळ. पण एकदा भाऊ जेवायला येणार म्हणून तिने रात्रीचा बेत आखला. एका पाहुण्याचा आणि घरच्या चौघांचा स्वयंपाक हा तिच्या हातचा मळ. जेवणाची वेळ आली तेव्हा सामान सगळे काढलेले, एकदोन पदार्थ शेगडीवर, पण कोशिंबीर झालेली नाही, मांस शिजायला घातलेलेच नाही आणि ती एकटी गोंधळून, रडकुंडीला येऊन उभी. एकेक पदार्थ तिला येत होता. कशाच्या आधी काय, कशाच्या जोडीला काय, हे जमेना. १९३१ मध्ये रुथ गेली. १९३५ मध्ये पेनफिल्ड यांनी हे निरीक्षण शास्त्रीय निबंधात नोंदवले. मेंदूच्या पुढच्या भागाविषयीचे ते अभिजात निरीक्षण मानले जाते.

या प्रसंगात मेंदूकडे बोट दाखवणे हा रुथवर उपकार होता. ती आळशी झाली नव्हती, बेफिकीर झाली नव्हती. मेंदूचा तुकडा गेला होता. असे कारण माहीत नसते, तेव्हा घरचे लोक माणसाच्या स्वभावाला दोष देतात. आपल्याकडे तर फिट येणाऱ्या मुलीला काय काय ऐकावे लागते, हे सांगायला नको. पण दुसरी बाजूही याच स्वयंपाकघरात आहे. नेमके काय हरवले, हे सूक्ष्मदर्शकाखाली दिसले नसते. गोष्टी एकत्र सांभाळणे म्हणजे काय, हे शेगडीपाशीच कळते. पुढे डोनाल्ड हेब या मानसशास्त्रज्ञाने पेनफिल्ड यांच्या काही रुग्णांची तपासणी केली, तेव्हा मेंदूचा पुढचा भाग गमावूनही त्यांच्या बुद्धिगुणांकात फारशी घट आढळली नाही. म्हणजे कारण मेंदूत होते, पण ते कशाचे कारण आहे, हे माणसाच्या रोजच्या जगण्यात बघावे लागले.

विजेने आठवण जागी होते?

कानशिलामागच्या टेम्पोरल लोबवर वीज लावली, तेव्हा काही रुग्णांनी अनपेक्षित गोष्टी सांगितल्या. एका बाईला वाद्यवृंद ऐकू येऊ लागला. तीच जागा, तीच धून. शस्त्रक्रियागृहात कुठेतरी ग्रामोफोन लावला आहे, असे तिला वाटले. दक्षिण आफ्रिकेतून आलेला तरुण तिकडच्या शेतावर आपल्या चुलत भावंडांसोबत हसत होता आणि त्याच क्षणी आपण मॉन्ट्रियलमध्ये टेबलावर आहोत, हेही त्याला पक्के ठाऊक होते. मेंदू आयुष्यातला प्रत्येक जाणीवपूर्वक क्षण फितीसारखा साठवून ठेवतो, असा अर्थ पेनफिल्ड यांनी काढला.

हा दावा आज कोणी फारसा मानत नाही. १९६३ च्या त्यांच्याच अहवालात टेम्पोरल लोब तपासलेल्या ५२० रुग्णांपैकी केवळ ४० जणांना असे अनुभव आले होते. त्यातलेही बरेच स्वप्नासारखे, तुटक होते. एलिझाबेथ लॉफ्टस व जेफ्री लॉफ्टस यांनी १९८० मध्ये हेच दाखवून दिले. आठवण ही साठवलेली फीत नसते, दर वेळी नव्याने जुळवलेली गोष्ट असते.

हात हलला, पण हलवला कोणी?

पेनफिल्ड यांना खरा पेच पडला तो वेगळ्याच ठिकाणी. वीज लावल्यावर हात हलला की रुग्ण सांगत, हे आम्ही केले नाही, डॉक्टर, तुम्ही केले. तोंडातून आवाज निघाला तरी तेच, तो आवाज तुम्ही ओढून काढलात. स्नायू तेच, मेंदूचा भागही तोच. तरी रुग्णाला स्वतःची कृती आणि करवून घेतलेली हालचाल यांतला फरक कळत होता.

एका रुग्णाला फुलपाखराचे चित्र दाखवले आणि त्याच वेळी भाषेच्या केंद्रावर वीज लावली. तो गप्प झाला, वैतागून त्याने चुटकी वाजवली. वीज काढताच त्याने शब्द उच्चारला आणि खुलासाही केला : फुलपाखरू हा शब्द सुचेना म्हणून त्याने पतंग हा शब्द शोधून पाहिला होता, तोही मिळाला नाही. शब्द अडले होते, शोधणारा अडला नव्हता.

शेकडो रुग्ण तपासूनही अशी एकही जागा सापडली नाही, जिथे वीज लावताच रुग्णाने काही ठरवले किंवा त्याची एखाद्या गोष्टीवर श्रद्धा बसली. सारे काही मेंदूने समजावता येईल, या गृहीतकावर पेनफिल्ड यांनी आयुष्यभर काम केले होते. १९७५ मध्ये आलेल्या ‘द मिस्टरी ऑफ द माइंड’ या पुस्तकात मात्र त्यांनी मन हे मेंदूहून वेगळे तत्त्व मानणे आपल्याला अधिक सयुक्तिक वाटते, असे सांगून टाकले.

त्यांचा निष्कर्ष बरोबर होता का?

पुराव्यापेक्षा तो बराच पुढे गेला, असे म्हणावे लागते. एका टोकदार काडीने निर्णयाची जागा सापडली नाही, याचा अर्थ निर्णय मेंदूत घडत नाही असा होत नाही. तो अनेक भागांच्या एकत्रित कामातून घडत असेल, तर एका बिंदूला टोचून तो मिळणारच नाही. शिवाय २००९ मध्ये फ्रान्समध्ये मिशेल देमुर्जे आणि सहकाऱ्यांनी मेंदूच्या पराइटल भागाला वीज लावली, तेव्हा रुग्णांना हात हलवावासा वाटू लागला. प्रवाह वाढवल्यावर तर हात न हलताच तो हलवला, असे त्यांना वाटले. म्हणजे इच्छेलाही मेंदूतून चालना देता येते.

पण म्हणून व्हॉट्सॲपवरचा डोपामिनवाला संदेश बरोबर ठरत नाही. हलवावेसे वाटणे आणि नोकरी सोडायचे ठरवणे यांत मोठे अंतर आहे. आई आजारी आहे, पगार तुटपुंजा आहे, साहेब अपमान करतो… ही कारणे कळल्याशिवाय तो निर्णय कळत नाही, मग त्या वेळी मेंदूतल्या कोणत्याही पेशी कामाला लागलेल्या असोत. औषध लिहून देणाऱ्या डॉक्टरने रुग्णाला घरची विचारपूस का करायची, याचेही उत्तर इथेच आहे. पेनफिल्ड यांचा फरक ओळखणारा डोळा अचूक होता. त्या फरकासाठी दोन वेगळी तत्त्वे लागतात, हे मात्र त्यांना सिद्ध करता आले नाही.

मेम्फ्रेमेगॉग सरोवराकाठी त्यांचे शेत होते. तिथल्या एका खडकावर त्यांनी १९३० च्या दशकात चित्र रंगवले होते. एका बाजूला आत्मा या अर्थाचा ग्रीक शब्द, दुसऱ्या बाजूला माणसाचे डोके व त्यात प्रश्नचिन्ह, आणि दोहोंना जोडणारी सलग रेघ. ५ एप्रिल १९७६ रोजी त्यांचे निधन झाले. त्याच्या काही महिने आधी, थंडीत स्वेटरवर स्वेटर चढवून हा पंच्याऐंशीच्या घरातला म्हातारा त्या खडकापर्यंत गेला आणि त्याने ती सलग रेघ तुटक केली.