बाबासाहेबांची फी

स्मरणिकेसाठी आवडत्या थोर व्यक्तीवर लिही, असा निरोप आला तेव्हा नाव शोधावं लागलं नाही. दर दसऱ्याला दीक्षाभूमीवरच्या पुस्तकांच्या दुकानांतून आमच्या घरी एक तरी पुस्तक यायचंच. पण घटनेचे शिल्पकार वगैरे आपण शाळेच्या निबंधात लिहून झालंय. मी फक्त त्यांच्या फीबद्दल लिहिणार आहे.

भीमराव मॅट्रिक झाले, तेव्हा वडील रामजी सुभेदार पेन्शनवर होते. मुलाच्या पुस्तकांसाठी ते मुलींचे दागिनेसुद्धा गहाण ठेवत. पण कॉलेज त्यांच्या आवाक्याबाहेरचं होतं. कृष्णराव अर्जुन केळुसकर गुरुजींनी शब्द टाकला आणि बडोद्याच्या सयाजीराव महाराजांनी दरमहा २५ रुपये सुरू केले. त्यावर एल्फिन्स्टन कॉलेजातून बी.ए. झालं. फेब्रुवारी १९१३ मध्ये वडील गेले. त्याच जूनमध्ये त्यांनी बडोदा संस्थानाशी करार केला: तीन वर्षं दरमहा साडेअकरा पौंड, आणि परतल्यावर दहा वर्षं संस्थानची नोकरी. म्हणजे आपल्या भाषेत बाँड!

न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात ते पोटाला चिमटा काढून राहिले. वाचवलेल्या पैशांतून घरी पाठवायचे आणि जुनी पुस्तकं घ्यायचे. १९१५ मध्ये एम.ए. झालं, पुढच्या वर्षी ते लंडनला गेले. १९१७ मध्ये शिष्यवृत्तीची मुदत संपली आणि शिक्षण अर्धवट टाकून परतावं लागलं. ज्या बोटीने पुस्तकं येत होती, ती युद्धात बुडाली. त्या सामानाच्या नुकसानभरपाईच्या पैशांतून ते बडोद्याला नोकरीवर रुजू झाले. तिथे कचेरीतले शिपाई कागद लांबूनच टेबलावर फेकत आणि राहायला कुणी खोली देईना. थोड्याच दिवसांत ते मुंबईला परतले. मग सिडनहॅम कॉलेजातल्या पगारातली शिल्लक, शाहू महाराजांची मदत आणि नवल भथेना या मित्राकडून घेतलेलं कर्ज, यावर १९२० मध्ये पुन्हा लंडन.

भथेनांबद्दल वाचताना मला आपल्या बॅचमधली एक जण आठवते. इंजिनीअरिंगला माझी शिष्यवृत्ती वेळेवर आली नव्हती आणि परीक्षा फॉर्मची शेवटची तारीख होती. तिने न मागता पैसे काढून दिले. नाव लिहिलेलं तिला आवडणार नाही. तुम्ही बाकीच्यांनी मात्र मला माफ करा. लायब्ररीत जाते म्हणून मी जायचे, ती शिष्यवृत्तीच्या खिडकीवर. तिथला बाबू आम्हाला असा मोठ्याने पुकारायचा, की मला ओळखीचं कुणी आसपास नको असायचं. चार वर्षं मी हे लपवलं.

ती शिष्यवृत्ती कुठून आली, हे मला नोकरीला लागल्यावर कळलं. जुलै १९४२ मध्ये आपल्या नागपुरात दलितांची मोठी परिषद झाली, त्याच सुमारास बाबासाहेब व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात गेले. तीन महिन्यांत त्यांनी लिनलिथगो यांच्यापुढे लेखी मागण्या ठेवल्या. बनारस आणि अलीगढ विद्यापीठांना सरकार वर्षाला तीन-तीन लाख देतं, मग अस्पृश्य मुलांच्या उच्च शिक्षणाला का नाही, असा त्यांचा हिशेब होता. तीन लाख मंजूर झाले. १९४४ पासून भारत सरकारची मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती सुरू झाली. इथे दहा वर्षांचा बाँड नव्हता. तोच अर्ज मी लपवून भरत होते.

आता दरवर्षी मी वस्तीतल्या मुलांचे महाडीबीटीवरचे अर्ज भरून देते. अनुसूचित जातीच्या मुलांसाठी उत्पन्नाची मर्यादा अडीच लाख आहे. जातीचा दाखला, उत्पन्नाचा दाखला आणि आधार जोडलेलं बँक खातं आधीच तयार ठेवावं. बहुतेकांचं घोडं खात्यापाशीच अडतं. तुमच्या ओळखीत, घरी कामाला येणाऱ्या ताईंकडे, कुणाचं मूल यंदा अकरावीत गेलं असेल, तर माझ्याकडे पाठवा. रविवारी सकाळी मी घरीच असते.